दोन खुर्च्यांमधली दोरी

आमच्या घरात आई आणि आत्या एकमेकींशी बोलत नाहीत, आणि त्यांचं हे न बोलणं चालवायचं काम माझ्याकडे आहे. ते वाटतं तितकं सोपं नाही. सकाळी उठल्या उठल्या आई म्हणते, "तुझ्या आत्याला सांग, दूध उतू गेलंय, शेगडी पुसून घ्यावी." आत्या तिथेच, हातभर अंतरावर, शेगडीसमोर उभी असते. तिला सगळं ऐकू येतं, कान चांगले शाबूत आहेत. तरी मी सांगेपर्यंत ती माझ्याकडे बघत राहते. मी सांगते. मग ती म्हणते, "तुझ्या आईला म्हणावं, दूध तिनेच ठेवलं होतं." मी तेही सांगते. असा आमचा दिवस उजाडतो.

भांडणाचं कारण होतं बाबांची आरामखुर्ची. बाबा गेले, वर्ष उलटलं, आणि आईने ती मोडकी खुर्ची एका दुपारी भंगारवाल्याला देऊन टाकली. आत्या ही बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आमच्यातच राहिली. "माझ्या भावाची खुर्ची, आणि मला विचारलंसुद्धा नाही!" असं म्हणून तिने जे आकाशपाताळ एक केलं, ते शेजारपाजारच्यांनी खिडक्या उघडून ऐकलं. त्याच सुमारास माझा संसार मोडला आणि मी माहेरी परत आले होते. त्या महिन्यांतलं मला फारसं आठवत नाही. स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसलेली असायचे, एवढंच आठवतं. दोघींनी बोलणं टाकलंय हे मला कळलं, ते निरोप माझ्याकडे यायला लागले तेव्हा.

याला आता सहा-सात वर्षं झाली. मी चाळिशी ओलांडली, चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली, केस पांढरे व्हायला लागले. निरोप काही थांबले नाहीत. एकदा मी तापाने फणफणले होते, तरी दोघी उशाशी बसून माझ्याच मार्फत भांडत होत्या की पट्टी गार पाण्याची ठेवायची की साध्या. मी डोळे मिटून दोन्हीकडचं सांगत होते. माझा स्वभाव मुळात तापट आहे, आणि तो असा का आहे हे कोणी विचारू नये.

म्हणून मी रविवार सकाळचा कॅमेऱ्याचा वर्ग लावला. सिनेमा करण्याची हौस वगैरे काही नव्हती. रविवारी सकाळी "सांग तिला" असं कोणी म्हणणार नाही अशी एक जागा मला हवी होती, आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्या वर्गाची पाटी होती. शिवण्याचा वर्ग असता तर मी आज शिवत असते.

शिकवणारे सर म्हणजे एक निवृत्त कॅमेरामन. त्यांचं खरं नाव पाटीवर आहे, पण आम्ही त्यांना सावलीकर म्हणतो, कारण दर वाक्यात एकदा तरी सावली येते. पहिल्या दिवशी त्यांनी कॅमेरा कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि प्रत्येकाच्या हातात मधोमध चौकोन कापलेला एक पुठ्ठा दिला.

"आठवडाभर यातून बघा," ते म्हणाले. "काय आत घेता त्यापेक्षा काय बाहेर ठेवता, तिकडे लक्ष द्या."

मी दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवते, त्यामुळे फ्रेम म्हटलं की मला काडी आणि स्क्रूच आठवतो. तरी मी पुठ्ठा घेऊन फिरले. त्यातून बघितलं की आमचं स्वयंपाकघर भलतंच नीटनेटकं दिसायचं, कारण पसारा चौकोनाबाहेर राहायचा. आत्या म्हणाली, "तुझ्या आईला सांग, पोरीला पुठ्ठ्याचं वेड लागलंय." आई म्हणाली, "तिला म्हणावं, मला दिसतंय."

पुढे कॅमेरा हातात आला. उजेड किती आत घ्यायचा, कुठलं अंतर स्पष्ट ठेवायचं, पांढरा कागद समोर धरून यंत्राला पांढरं म्हणजे काय ते कसं सांगायचं, हे सगळं सरांनी शिकवलं. माणूस खिडकीकडे तोंड करून बसला तर चेहरा सपाट दिसतो, जरासा वळला की गालावर सावली पडते आणि माणूस जिवंत वाटतो. मला यातलं बरंच पटकन जमलं. भिंगाला बोट लावायचं नाही, पुसायचं तर मधून बाहेर गोल पुसायचं, ही तर माझी रोजचीच कामं. माझ्या वर्गात एक दाताचे डॉक्टर होते. त्यांना उजेडाचं सगळं आधीच ठाऊक असायचं, आणि ते दर वेळी ते बोलून दाखवायचे.

एका रविवारी सरांनी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. एकीवर मला बसवलं, दुसरीवर डॉक्टरांना, आणि आमच्या दोघांच्या खुर्च्यांना एक दोरी ताणून बांधली.

"दोन माणसं बोलतायत. त्यांच्यामध्ये अशी एक रेषा असते. कॅमेरा तिच्या एकाच बाजूला राहिला पाहिजे. मग एक जण पडद्यावर उजवीकडे बघतो, दुसरा डावीकडे. वेगवेगळं दाखवलं तरी बघणाऱ्याला कळतं की दोघं एकमेकांशी बोलतायत. दोरी ओलांडून पलीकडे गेलात की संपलं. दोघंही एकाच दिशेला बघायला लागतात."

त्यांनी करून दाखवलं. दोरीच्या अलीकडून आम्ही दोघं गप्पा मारत होतो. पलीकडून माझं चित्र घेतलं, तर पडद्यावर मी आणि डॉक्टर जणू एकाच गाडीची वाट बघत होतो.

"सोपं आहे," डॉक्टर म्हणाले.

"ऐकायला," सर म्हणाले.

त्याच दिवशी वर्ग सुटल्यावर सरांनी मला थांबवून घेतलं. त्यांची एक जुनी सहकारी नदीवर माहितीपट करत होती, उगमापासून पार समुद्रापर्यंत. पाच-सहा महिने फिरतीचं काम. तिला कॅमेऱ्याच्या हाताखाली कोणीतरी हवं होतं, भिंगं सांभाळणारं, धांदल न करणारं. "मी तुझं नाव दिलंय," सर म्हणाले. "पंधरवड्यात हो की नाही ते कळव."

मी जिना उतरले तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. दुकानातून रजा मिळणार होती, मालकाला उन्हाळ्यात तसंही गिऱ्हाईक नसतं. कितीतरी वर्षांत मला कुठली गोष्ट इतकी हवीशी वाटली नव्हती. चौकापर्यंत हे सुख टिकलं. तिथे सिग्नलला स्कूटरवर थांबलेली असताना मनात आलं की दोघींना एकमेकींचे निरोप कोण देणार? आत्या घसरून पडली तर आई काय भिंतीला सांगणार? आईची रक्तदाबाची गोळी राहिली तर आत्या कोणाला म्हणणार "तिला सांग"? दोन म्हाताऱ्या बायका, एक घर, आणि तोंडाला कुलूप. मला इतका राग आला की सिग्नल हिरवा झालेला दिसलाच नाही. मागून कोणीतरी भोंगा वाजवला.

घरी मी काहीच बोलले नाही. नाही कळवायचं असं मनाशी ठरवलं, आणि ठरवल्यानंतर रोज ते पुन्हा ठरवत राहिले.

त्या रविवारी वर्गात सरांनी पाठही दिला होता. दोन माणसांचं बोलणं, प्रत्येकाचं वेगळं चित्र, मग ते जोडायचं. बाकीच्यांनी मित्र धरले, नवरा-बायको धरले. मला दोनच माणसं हाताशी होती. म्हटलं, इथे वेगवेगळं चित्र घेऊन ते जोडायचंय, म्हणजे दोघींनी समोरासमोर बसायची गरजच नाही. मी एकेकीला बसवीन, आणि निदान पडद्यावर तरी बया एकमेकींशी बोलतील.

आधी आईला घेतलं. आमच्या स्वयंपाकघरात एक लांबट टेबल आहे. एका बाजूला आई बसते, समोर आत्या, आणि टोकाला मी, दोघींच्या मध्ये. चांगला उजेड फक्त आईच्या खुर्चीवर येतो, खिडकीतून तिरपा. आई बसली, गालावर अगदी सरांना आवडेल अशी सावली पडली. मी माझ्या जागेवर कॅमेरा लावला आणि शेजारी उभी राहिले.

"काय बोलू?" आईने विचारलं.

"आत्याला जे सांगायचंय ते बोल."

"सांग तिला, काल चालताना लंगडत होती. गुडघ्याला शेक घे म्हणावं. आणि हट्टीपणा कमी कर."

मग आई बाहेर गेली आणि आत्या आली. आत्याच्या खुर्चीत अंधार होता. एवढा सुंदर उजेड सोडून मी तिला अंधारात कशाला बसवू? तिलाही आईच्याच खुर्चीत बसवलं. आधी ती बसेना. मग बसली आणि टेबलावरचा चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाली, "तुझ्या आईला सांग, शेक घेतला. आणि हट्टी मी आहे का ती, ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे."

रविवारी वर्गात दाखवलं. सर नेहमी आवाज बंद ठेवूनच बघतात. ते म्हणतात, कान उघडा असला की डोळा आळशी होतो. पडद्यावर आई आली, मग आत्या, मग पुन्हा आई. मला वाटलं होतं की आता दोघी बोलायला लागतील. त्या काही बोलेनात. दोघी पडद्याच्या एकाच बाजूला बघत होत्या, आणि दोघींमागे तीच खिडकी.

"दोरी गेली," सर म्हणाले.

माझे कान तापले. इतकं साधं! एकाच खुर्चीत दोघींना बसवलं तर दोघी एकाच बाजूला बघणार, हे शेंबड्या पोराला कळेल. मी उजेडाच्या मोहात पडले होते.

"या समोरासमोर बसल्यात असं वाटत नाही," सर शांतपणे म्हणाले. "एका बाकावर शेजारी शेजारी बसून तिसऱ्याच माणसाकडे बघतायत. दोघींचं लक्ष त्याच्यावर आहे. तिथे कोण होतं?"

"दुसरं कोण असणार? हीच उभी असेल," डॉक्टर म्हणाले. या वेळी त्यांचं बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला.

"आणि चष्मा दोघींचा एकच कसा?" सरांनी विचारलं.

मी पडद्याकडे बघितलं. खरंच, आत्याच्या नाकावर आईचा चष्मा होता. तपकिरी काडी, मीच बसवलेली. आत्याचा चष्मा गेल्या वर्षी फुटला. नवीन करून देते म्हटलं तर म्हणते, मला लागतच नाही. त्यावरून मी तिच्याशी कितीदा हुज्जत घातली होती. "समोर दिसला म्हणून उचलला असेल," मी म्हटलं, पण मनात कुठेतरी ते टोचलं. आईच्या कंगव्यालासुद्धा हात लावणार नाही म्हणणारी बाई तिचा चष्मा सहज डोळ्याला लावते?

सरांनी पाठ पुन्हा करायला सांगितला. "या वेळी एकच चित्र घे. दोघी समोरासमोर, तू बाजूने, दोरीच्या एकाच अंगाला. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेव, सुरू कर आणि निघून जा. तू तिथे असलीस की त्या तुझ्याकडे बघणार."

दोघी एका चौकटीत यायला तयार होतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण मी म्हटलं, बोलायचं नाही, नुसते मटार सोलायचे, तर आई म्हणाली, "तिला विचार, तिची हरकत आहे का," आणि आत्या म्हणाली, "तिला सांग, माझी कशाला असेल?" इतक्या पटकन तर त्या कधी चहालाही हो म्हणत नाहीत.

कॅमेऱ्यावर सुरू असल्याचा तांबडा दिवा लागतो. लोक त्याच्याकडे बघत बसतात, म्हणून त्यावर सर काळी चिकटपट्टी लावायला सांगतात. मी ती लावली. आईने विचारलं, "यात आवाजही येतो का गं?"

"वर्गात आवाज बंदच असतो," मी म्हटलं. ते खरं होतं.

दोघी आपापल्या खुर्चीत बसल्या. मी माझी खुर्ची चौकटीबाहेर ओढली, बटण दाबलं, पाव आणायला जाते म्हणून सांगितलं आणि बेकरीसमोरच्या बाकावर जाऊन बसले. बसल्या बसल्या सरांना काय सांगायचं ते मनात जुळवत होते. घरी अडचण आहे. आई आणि आत्या. सगळं खरं होतं, आणि तरी तोंडात कडू चव येत होती. परत आले तर दोघी माना खाली घालून सोलत होत्या.

"झालं का?" मी विचारलं.

"तुझ्या आत्याला सांग," आई म्हणाली, "अर्धे तिनेच खाल्लेत."

सरांचा एक नियम आहे की आपलं काम पहिल्यांदा वर्गातच बघायचं, सगळ्यांबरोबर. मी तो पाळला. रविवारी पडदे ओढले आणि आमचं स्वयंपाकघर भिंतीवर आलं. आई डावीकडे, आत्या उजवीकडे, मध्ये मटारांची परात. माझी पाठ दिसली, मी चौकटीतून बाहेर गेले. उजेड आत्यावर कमी पडला होता, तेवढं खटकलं.

थोडा वेळ दोघी सोलत राहिल्या. मग दोघींनी एकदमच मान वर केली आणि दाराच्या दिशेने कान दिला. आत्या काहीतरी बोलली.

आई हसली. नुसती हसली नाही, परात हलेपर्यंत हसली. मग बोलता बोलता तिने डोळ्यांवरचा चष्मा काढून आत्यापुढे धरला. आत्याने तो न बघताच घेतला, रुमालाने पुसला, स्वतःच्या नाकावर ठेवून एक शेंग उलटसुलट करून बघितली, त्यातली अळी काढून टाकली आणि चष्मा परत दिला. मधून बाहेर पुसायचं असतं, हे तिला कधी कळणार? आईने मूठभर दाणे तिच्या तळहातावर ठेवले. आत्याने ते तोंडात टाकले. दोघी बोलत होत्या. एकीचं संपायच्या आत दुसरीचं सुरू. वर्षानुवर्षं बोलणं टाकलेल्या बायका अशा बोलत नाहीत. रोज बोलणाऱ्या बायका अशा बोलतात.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा-सात वर्षं! तापात, सणासुदीत, नोकरीवरून दमून आल्यावर, मी या घरात टपालाची पिशवी घेऊन फिरत होते, आणि इकडे यांच्या गप्पा रंगत होत्या! मला खुर्ची उचलून पडद्यावर फेकाविशी वाटली.

तेवढ्यात पडद्यावर दोघी गप्प झाल्या. दोघींनी खिडकीकडे बघितलं, जिथे मी पूर्वी बसायचे. आत्या काहीतरी म्हणाली. आईने बोटाने डोळा पुसला, आणि आत्याने टेबलावरून हात पुढे करून तिचं मनगट धरलं. बराच वेळ तसंच होतं. मग पुन्हा दाराकडे कान, घाईघाईने माना खाली, आणि चौकटीत पाव घेऊन मी.

सरांनी पडदे उघडले. 

"रेषा बरोबर आहे," सर म्हणाले. "डोळ्यांची उंची बरोबर आहे. उजवीकडे उजेड कमी पडलाय, पांढरा कागद धरला असतास तर भागलं असतं." मग त्यांनी कपाटातून हेडफोन काढले आणि माझ्या हातात दिले. "चित्र आम्ही पाहिलं. आवाज तुझ्या घरचा आहे, तो तू एकटीने ऐक."

मी कॅमेरा घेऊन जिन्यात जाऊन बसले. बटण दोनदा चुकलं.

"गेली का?" आईचा आवाज.

"उतरली जिना. यंत्राचा दिवाही लागलेला नाही. बोल आता वहिनी, माझं तोंड आंबलं."

"वन्सं, तुम्ही खाताय किती! सोला की जरा." आणि ते हसणं. वन्सं हा शब्द आईच्या तोंडून मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता.

मग चष्मा, मग अळी, मग शेजारणीच्या सुनेबद्दल काहीबाही. मी दात आवळून ऐकत होते. मग आत्या म्हणाली, "त्या नदीवाल्या बाईंचा पुन्हा फोन आला होता. मीच घेतला. विचारत होत्या, हिचं काय ठरलं? तुला बोलली का ती?"

"नाही. तुम्हाला?"

"मला कुठली बोलतेय! त्यांना नकार देणार आहे ती. आपल्यापायी अडलीय."

एक शेंग फुटल्याचा आवाज आला.

"वन्सं, आठवतं का, इथेच बसायची," आई म्हणाली. खिडकीकडे बघितलं ते इथे असणार. "बोलायची नाही, उठायची नाही. हाक मारली तरी वळून बघायची नाही. मला वाटायचं, हिला मी गमावली."

"आणि आपलं खुर्चीवरून वाजलं."

"वाजलं, आणि मी रागाने हिला म्हटलं, सांग तुझ्या आत्याला, मी तिच्याशी बोलणार नाही. तर ही उठली. दोन महिन्यांत पहिल्यांदा आपल्या पायाने उठली, तुमच्या खोलीत आली आणि सांगितलं."

"सांगितलं काय, चिडून सांगितलं," आत्या म्हणाली. "म्हणाली, तुम्ही दोघी लहान आहात का? मी तिच्या तोंडाकडेच बघत राहिले. म्हटलं, बोलली! देवा, ही रागावली!"

"रात्री तुम्ही माझ्याकडे आलात."

"आले. म्हटलं वहिनी, खुर्ची गेली खड्ड्यात, पण आपण एवढ्यात गोड व्हायचं नाही. पोरगी बोलतेय तोवर बोलू दे."

इथे आईने डोळा पुसला असणार. मी हेडफोन कानांवरून काढले, पुन्हा लावले.

"आता ती बरी आहे, वन्सं. चांगली भांडते. नाटक पुरे झालं."

"पुरे झालं, पण संपवायचं कसं? इतकी वर्षं खोटं बोललो म्हटलं तर घर डोक्यावर घेईल."

"तिच्या देखत मिटवायचं. तिला वाटू दे, आता मिटलं. म्हणजे निर्धास्त जाईल."

"मग तू आधी बोल."

"मी का म्हणून? खुर्ची तुमच्या भावाची होती, तुम्ही बोला."

"भंगारात कोणी दिली?"

"आली बघा ती, जिन्यात पाय वाजतायत."

पुढे माझा आवाज होता. झालं का, म्हणून विचारत होते.

मी त्या पायरीवर किती वेळ बसले होते सांगता येणार नाही. राग शोधत होते, तो कुठे गेला होता कोण जाणे. मी रडले, अगदी नाक पुसत रडले. मला वाटत होतं की मी त्या दोघींना सांभाळतेय. सर बाहेर आले, मला बघून परत आत जायला निघाले. मी त्यांना थांबवलं आणि म्हटलं, "त्यांना कळवा, मी येते."

घरी पोचले तेव्हा दुपारचं जेवण टेबलावर होतं. आई एका बाजूला, आत्या समोर, मधली खुर्ची माझी. मी हात धुतले, बसले, आणि एक घास खाऊन म्हटलं, "मला एका कामासाठी पाच-सहा महिने बाहेर जावं लागणार आहे. नदीवर. मी हो म्हटलंय."

दोघींचे हात ताटावरच थांबले. इथे सगळं बोलून टाकावं असं क्षणभर वाटलं. पण दोघींच्या चेहऱ्यावर अशी काही लगबग सुरू झाली होती, की ती मोडणं माझ्याच्याने होईना. मी म्हटलं, "मला एकच काळजी आहे. मी गेल्यावर तुम्ही दोघी बोलणार कशा?"

आईने घसा खाकरला. आत्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग छताकडे.

"आता पोरीसाठी म्हणून," आई एकदम मोठ्याने म्हणाली, जणू घरात गर्दी होती, "मी मागचं सगळं विसरायला तयार आहे."

"मी पण," आत्या म्हणाली. तिला पुढचं सुचेना. तिने पाण्याचा घोट घेतला. "खुर्ची काय, जुनीच होती."

"मी विचारायला हवं होतं, वन्सं."

"असू दे वहिनी. झालं गेलं."

"मग बोलायचं का आपण?"

"बोलू की. इतक्या वर्षांनी!" असं म्हणून आत्याने हुंदका द्यायचा प्रयत्न केला आणि तिला ठसका लागला. आई उठून तिच्या पाठीवर थापट्या मारायला लागली, आणि मारता मारता दोघींना हसू आवरेना. इतका वाईट अभिनय मी जन्मात पाहिला नव्हता. एकसुद्धा वाक्य खरं वाटत नव्हतं. मी मात्र डोळे भरून बघत होते, कारण दोघी एकमेकींकडे बघत होत्या आणि माझ्याकडे बघायचं विसरल्या होत्या.

मी माझं ताट घेतलं, खुर्ची मधून उचलली आणि भिंतीला लावून बसले.

"अगं, तिकडे कुठे जाऊन बसलीस?" आईने विचारलं.

"इथून तुम्ही दोघी दिसता," मी म्हटलं.